माझ्या बाजूची स्प्रिंग

सोमवार, ३ मार्च

गाडी कलली आहे.

सकाळी बल्ब शोधायला गॅरेजात गेले, तर गाडी माझ्या बाजूला झुकलेली. माझी बाजू म्हणजे चालकाच्या शेजारची. बेचाळीस वर्षं मी तिथेच बसत आले आहे. एका चपलेची टाच तुटलेली बाई फोटोला उभी राहावी तशी ती दिसत होती. आत येऊन ह्यांना सांगितलं. हे रेडिओसमोरच्या खुर्चीत. पूर्वी बॉनेटवरून मांजर चाललं तरी हा माणूस गाढ झोपेतून उठायचा. आज म्हणाले, "असू दे."

"असू दे म्हणजे? पुढचं चाक मडगार्डात घुसलंय."

"तुझ्या वजनानं."

मी एक्कावन्न किलो आहे. शाळा सोडली तेव्हा एकोणपन्नास होते. तीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक होते, गावभरच्या काट्यांवर शिक्के मारले. माझं वजन मला दुसऱ्यानं सांगायला नको.

डिसेंबरात डोळ्यांच्या डॉक्टरांनी ह्यांचं गाडी चालवणं बंद केलं. काचबिंदू. समोरचं दिसतं, दोन्ही कडांचं दिसत नाही. त्या दिवसापासून हे उंबरठ्याबाहेर पडलेले नाहीत. कोपऱ्यावर वर्तमानपत्र आणायलासुद्धा नाही. आधी मला वाटलं, रुसलेत. पण तीन महिने कोण रुसतं? डॉक्टर म्हणतात, "चालायला लावा, बाहेर न्या, नाहीतर हे असेच खुर्चीत आटत जातील." सांगायला काय जातं डॉक्टरांचं.

मंगळवार, ४ मार्च

मुलाचा फोन. "आई, गाडीसाठी एक चांगला माणूस मिळालाय. हॉटेल आहे त्याचं. दारात ठेवणार आहे, शोभेला. एकोणतीस तारखेला येतोय न्यायला."

"कुंडी आहे का ती?"

"बाबा हो म्हणालेत."

मी वळून पाहिलं. हे रेडिओचं बटण फिरवत होते. एकही स्टेशन लागत नव्हतं, तरी फिरवत होते.

"हो म्हणालात तुम्ही?"

"उभीच तर आहे," म्हणाले.

ह्या गाडीनं माझे बेचाळीस वर्षांचे रविवार खाल्ले. तिच्याखालून बाहेर आलेले पाय बघत मी चहा गार केला. आणि आता हे तिला जुनी खुर्ची द्यावी तशी देऊन टाकणार! मला नक्की कशाचा राग येतोय, तेच कळत नाही. गाडी मला कधीच आवडली नव्हती. दूध मात्र उतू गेलं.

रागाच्या भरात बोलून बसले, "मी चालवेन. एकोणीस वर्षं खात्याची जीप चालवली आहे मी. तुम्ही शेजारी बसा."

"त्या सीटवर मी कधी बसलेलो नाही."

"मी बसले आहे. चावत नाही."

"आणि कललेल्या गाडीत तर मुळीच बसणार नाही."

"म्हणजे सरळ झाली तर बसाल?"

हे पुन्हा रेडिओकडे वळले. ह्यांचं गप्प बसणं म्हणजे होकार, हे मी लग्नानंतर पहिल्या वर्षीच ठरवून टाकलं होतं. तर एकोणतीसच्या आत गाडी सरळ करायची आणि ह्या माणसाला तिच्यात बसवून बाहेर काढायचं. तारीख लिहून ठेवली.

गुरुवार, ६ मार्च

मेकॅनिक आला. जॅक लावला, चाक काढलं, आत डोकं घातलं. मग म्हणाला, "मॅडम, स्प्रिंग तुटलीय. खालचं वेटोळंच उडालंय."

मला वाटत होतं, स्प्रिंग म्हणजे पेनात असते ती. ही माझ्या मनगटाएवढी जाड असेल अशी कल्पना नव्हती. मनगटाएवढी नाही, अंगठ्याएवढी. वहीत खोटं नको. पुढच्या प्रत्येक चाकावर अशी एक उभी असते आणि गाडीचा सगळा भार तिच्यावर असतो, म्हणे.

"मग ही एक बदला."

"एक कशी बदलणार? जोडीनंच बदलायच्या. एक नवी, एक जुनी, की गाडी लंगडते."

म्हणून त्यानं दुसऱ्या बाजूचीही काढली आणि दोन्ही वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवल्या. आम्ही दोघांनीही एकदमच मान वाकडी केली.

मी माझा खात्यातला व्हर्नियर आणला, जाडी मोजायचा. ह्यांच्या बाजूची: तारेची जाडी १३.४ मिलिमीटर, आठ वेटोळी, उंची चौतीस सेंटीमीटर. माझ्या बाजूची, तुटका तुकडा जोडून: जाडी १२.२, नऊ वेटोळी, उंची चाळीस. तीन वेळा मोजलं.

"ही दोन एका घरची नाहीत," मेकॅनिक म्हणाला.

"तुम्हीच कधीतरी चुकीची बसवली असणार."

"मी नऊ वर्षं बघतोय ही गाडी. हात लावला नाही ह्या स्प्रिंगांना. गाडी माझ्याकडे आली तीच अशी." मग कॅटलॉग काढला. त्यात ह्या गाडीसाठी तीन प्रकार: साध्या, भारी वजनाच्या आणि गाडी खाली बसवणाऱ्या, तरुण पोरांच्या हौसेसाठी. ह्यांच्या बाजूची साधीशी तंतोतंत जुळते. माझ्या बाजूची कशाशीच नाही.

आत येऊन सांगितलं, "तुमच्या गाडीच्या दोन स्प्रिंगा दोन तऱ्हेच्या आहेत."

ह्यांनी रेडिओ बारीक केला. "अस्सं," म्हणाले. आणि पुन्हा मोठा केला.

शुक्रवार, ७ मार्च

कडक स्प्रिंग चांगली की मऊ? दिवसभर हाच प्रश्न, आणि जितकी माणसं तितकी उत्तरं. मेकॅनिक म्हणतो, साधी घ्या. मुलगा म्हणतो, कशाला घेताय, विकायचीच तर आहे. दुकानदार फोनवर म्हणाला, "भारीवाली घ्या मॅडम, आयुष्यभर बघायला नको."

"कोणाच्या आयुष्यभर?" मी विचारलं. तो हसला. मी विनोद केला नव्हता.

कॅटलॉगात लिहिलंय, मऊ स्प्रिंग खड्डे गिळते पण वळणावर गाडी झुकवते. कडक स्प्रिंग वळणावर ताठ राहते पण खड्डा तुमच्या हाडांपर्यंत पोचवते. म्हणजे दोन्हीत खोट. आमच्या खात्यात असं नव्हतं. काटा बरोबर असायचा किंवा चूक.

झुकण्यावरून आठवलं. माझ्या कमरेचं ऑपरेशन झालं, त्या वर्षापासून ही गाडी वळणावर माझ्या बाजूला झुकते. आधी झुकत नव्हती. ह्यांचं ड्रायव्हिंग बिघडलं असं माझं तेव्हापासूनचं मत आहे आणि ते मी अठरा वर्षं प्रत्येक वळणावर स्पष्ट सांगत आले आहे. कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, दोष दिसला की तिथल्या तिथे सांगावा. हे एकदाही उलट बोलले नाहीत. अपराधी माणूस बोलत नाही.

सोमवार, १० मार्च

दोन्ही स्प्रिंगा पिशवीत घालून बसनं स्प्रिंगवाल्याकडे गेले. मेकॅनिकनं पत्ता दिला होता. कंडक्टरनं विचारलं, "आजी, काय आहे एवढं जड?" मी म्हटलं, "नातू." मला नातू नाही, पण आजी म्हटल्यावर असायला हवा.

लांबट खोली. एका टोकाला भट्टी, एका टोकाला लेथ, मध्ये तेलात बुडवलेल्या स्प्रिंगांचं पिंप. भिंतीवर लहानमोठ्या शंभरेक स्प्रिंगा खिळ्यांना टांगलेल्या. जमिनीवर तारेचे कीस, म्हणून मला स्टुलावर बसवलं आणि पाय वर घ्यायला लावले. स्प्रिंगवाला म्हातारा, माझ्याहूनही. डाव्या हाताचं एक बोट अर्धं. माझ्या बाजूची स्प्रिंग त्यानं हातात घेतली, फिरवली, शेवटच्या वेटोळ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ही माझीच."

"कशावरून?"

"टोक मी असं घासतो. दुसरं कोणी घासत नाही. आळशी झालेत सगळे."

मग दोन्ही स्प्रिंगा आळीपाळीनं एका दाबयंत्रात उभ्या केल्या आणि चाक फिरवत गेला. "ही बघा, तेवढ्याच वजनाला किती जास्त बसते. मऊ आहे. फार मऊ." मग मला विचारलं, "नवी कशी हवी ताई? गाडी रिकामी असताना सरळ, की माणसं बसल्यावर?"

मी म्हटलं, "रिकामी. काटा रिकामा असतानाच शून्यावर पाहिजे. हा पहिला नियम आहे."

"काटा आहे का तो? गाडीत माणसं बसतात."

"माणसं हा भार आहे. भार नंतर."

त्यानं माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मग कपाटातून एक फुगलेलं रजिस्टर काढलं आणि स्प्रिंगवर ठोकलेला आकडा बघून पानं उलटली. "हां. मऊ. एकच नग." मान हलवली. "एकच स्प्रिंग मागणारं गिऱ्हाईक मला आयुष्यात एकच भेटलं. मी सांगत होतो, साहेब जोडी घ्या, नाहीतर वळणावर झुकेल. म्हणाला, झुकू दे. खड्डे एका बाजूला लागता कामा नयेत. तीनदा बनवून घेतली माझ्याकडून. दोन परत आणल्या, अजून कडक आहे म्हणून."

"का?"

"तिकडे कोण बसतं, ते मी विचारलं नाही," म्हातारा म्हणाला.

रजिस्टरातली तारीख मी वाचली. माझं ऑपरेशन झालं, त्यानंतर सहा आठवडे.

बसनं परत आले. स्प्रिंगा तिथेच राहिल्या.

मंगळवार, ११ मार्च

आज लिहिण्यासारखं काही नाही.

गुरुवार, १३ मार्च

परवा खोटं लिहिलं. लिहिण्यासारखं होतं.

अठरा वर्षं! अठरा वर्षं हा माणूस माझी बोलणी खात होता आणि गप्प होता. एका रविवारी सरासरी तीस वळणं धरली तर... नाही धरत. सांगता येत नव्हतं एका वाक्यात? मी काय म्हटलं असतं?

मी काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे. दोन्ही बाजू सारख्या करून आणा म्हटलं असतं.

तरीही. संताप संतापच आहे. आज जेवताना सरळ विचारलं, "माझ्या बाजूची स्प्रिंग तुम्ही मुद्दाम करून घेतली होती?"

"स्प्रिंगवाल्याची चूक असेल."

"रजिस्टरात लिहिलंय."

"मग रजिस्टराची चूक."

"तीनदा?"

ह्यांनी मीठ मागितलं. मीठ समोरच होतं. पण ते कडेला होतं, म्हणून ह्यांना दिसलं नसेल. की दिसलं होतं? ह्या माणसाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, ह्याचा मला आताशा काहीच पत्ता लागत नाही.

शनिवार, १५ मार्च

स्प्रिंगांचा निर्णय अजून नाही आणि चौदा दिवस उरले. दोन्ही साध्या बसवल्या की गाडी सरळ आणि प्रकरण मिटलं, असा मेकॅनिकचा फोन. पण दोन्ही साध्या म्हणजे माझी बाजू कडक. आणि आता माझ्या बाजूला मी नसणार. हे असणार. हे स्नानघरात पडले तेव्हापासून ह्यांचा खुबा दुखतो. खुर्चीतसुद्धा खाली दोन उशा लागतात. गाडी सरळ होईल, हे एकदा बसतील, पहिल्या खड्ड्याला कळवळतील आणि परत कधी बसणार नाहीत. मग जाईल ती हॉटेलच्या दारात.

तेव्हा: ती बाजू मऊ. चालकाची बाजू साधी, कडक चालेल. खात्याच्या जीपला स्प्रिंगा होत्या असं मला कधी जाणवलंच नव्हतं. कमरेला पट्टा बांधीन.

ह्यांना सांगणार नाही. सांगितलं तर म्हणतील, मला गरज नाही.

सोमवार, १७ मार्च

मऊ स्प्रिंग करायची तर बसणाऱ्याचं वजन हवं, असं स्प्रिंगवाला म्हणाला होता. कपाटावरचा काटा काढला. आधी माझी प्रमाण वजनं ठेवून तपासला, मग ह्यांच्यासमोर मांडला.

"उभे राहा ह्यावर."

"कशाला?"

"तपासणी."

"पास झालो तर शिक्का मारणार का, इन्स्पेक्टर?"

लग्न झाल्यापासून हे मला इन्स्पेक्टर म्हणतात, तेव्हा मी अजून कारकून होते. पण डिसेंबरापासून ही हाक बंद होती. मी लक्षात आलं नाही असं दाखवलं. ८४ किलो ३०० ग्रॅम.

उतरल्यावर म्हणाले, "आता तू."

"माझं कशाला? माझ्या वजनानं स्प्रिंग तुटली म्हणत होतात ना?"

"म्हणून तर. नक्की आकडा कळू दे."

वाद नको म्हणून उभी राहिले. हे काट्यावर नाक टेकेपर्यंत वाकले. ५१ किलो ४००. मग वर्तमानपत्राच्या समासात काहीतरी खरडलं. कोडं सोडवत असतील. बऱ्याच दिवसांनी सोडवलं.

मंगळवार, १८ मार्च

हे अंघोळीला गेलेले बघून स्प्रिंगवाल्याला फोन केला. चालकाच्या शेजारची बाजू मऊ, बसणारा ८४.३. चालकाची बाजू साधी. आणि हे आमच्या घरी बोलायचं नाही.

"बरं ताई. आणि सरळ कधी हवी? रिकामी असताना?"

मी मागे वळून पाहिलं. खात्यातलं कोणी ऐकत नव्हतं. "दोघं बसल्यावर," म्हटलं आणि फोन ठेवला.

मेकॅनिकला चिठ्ठी पाठवली, तोंडी निरोपावर माझा विश्वास नाही.

गुरुवार, २० मार्च

बाजारातून आले तर ह्यांच्या हातात फोन. मला बघून ठेवला.

"कोण होतं?"

"राँग नंबर."

शेजारी ठेवलेला चहा गार झाला होता, वर साय धरली होती. एवढा वेळ चालणारा राँग नंबर मी आजवर पाहिला नाही. हॉटेलवाला असणार. ह्यांना आता घाई झाली आहे गाडी घालवायची. मी इकडे जिवाचं रान करतेय आणि हे तिकडे सौदा पक्का करतायत. संध्याकाळी बोलले नाही. ह्यांच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं आणि शांतता आवडली.

सोमवार, २४ मार्च

स्प्रिंगा नाहीत. फोन केला तर स्प्रिंगवाला म्हणतो, "दुसरीही बनवायला घेतलीय ना, वेळ लागतोय."

"दुसरी साधी सांगितली होती. ती तर दुकानात तयार मिळते."

"हो, हो," म्हणाला, आणि मशीनचा आवाज आला, आणि फोन बंद.

मुलाला म्हटलं, तुझ्या हॉटेलवाल्याला दहा दिवस पुढे ढकल. म्हणाला, "आई, तो ट्रेलर ठरवून बसलाय. आणि बाबांना काही वाटत नाही, मग तुलाच का एवढं?"

लाइन खराब आहे म्हटलं आणि फोन ठेवला. लाइन खराब नव्हती.

बुधवार, २६ मार्च

ह्यांच्या चपलेच्या तळाला ग्रीस. घरात ग्रीस एकाच ठिकाणी आहे. तीन महिन्यांत पहिल्यांदा गॅरेजात गेले आणि तेही मी बाहेर असताना. निरोप घ्यायला गेले असणार. चप्पल पुसून ठेवली. विचारलं नाही. माझा व्हर्नियर नेहमीच्या खणात नव्हता, खालच्या खणात होता. मीच विसरले असेन. हल्ली काही सुचत नाही.

शुक्रवार, २८ मार्च

आल्या! मेकॅनिकनं सकाळी बसवायला घेतल्या. मी कॉफी घेऊन गेले आणि कप हातातच राहिला. दोन्ही बाजूंना बारीक तार. दोन्ही मऊ.

"ही कोणी सांगितली?" मी चालकाच्या बाजूला बोट दाखवलं.

मेकॅनिक हात पुसत राहिला. पुसून स्वच्छ झाले तरी पुसत राहिला.

"अहो, मी विचारतेय. माझी चिठ्ठी कुठे आहे?"

"आहे की." खिशातून काढली. "शेजारची बाजू मऊ, ८४.३. साहेबांना सांगू नये." मग दुसऱ्या खिशातून वर्तमानपत्राचा एक फाटका समास काढला. "ही साहेबांची. परवा तुम्ही बाहेर असताना गॅरेजात बोलावून दिली."

अक्षर ह्यांचं, ओळ खाली उतरत गेलेली: चालकाची बाजू मऊ. ५१.४. आता ती चालवणार. तिला सांगू नये.

"स्प्रिंगवाल्याचा मला फोन आला," मेकॅनिक म्हणाला. "दोघांचं काय करू, म्हणाला. मी म्हटलं, दोघांचं ऐक. वळणं तेवढी हळू घ्या मॅडम, बोटीसारखी झुलेल."

मला इतका संताप आला की कॉफी मीच पिऊन टाकली. परस्पर! मला न विचारता माझी स्प्रिंग ठरवायची, माझं वजन तिऱ्हाईतांना कळवायचं, आणि वर "तिला सांगू नये"! घरात माणूस बसलंय समोर, त्याच्याशी बोलायचं सोडून पाठीमागे चिठ्ठ्या पाठवायच्या, ही कुठली पद्धत? मी असलं कधी केलं नसतं.

मेकॅनिक माझ्या चिठ्ठीकडे बघत होता. का, कोण जाणे.

शनिवार, २९ मार्च

हॉटेलवाला दहाला आला, मागे ट्रेलर. पांढरे बूट. गाडीभोवती फिरला, एक डोळा मिटून समोर उभा राहिला. "जरा कललीय का हो?"

कललीच होती. मी पहाटेच मोजलं होतं: रिकामी असताना शेजारची बाजू अकरा मिलिमीटर वर. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"माणसं बसलेली नाहीत म्हणून."

हे दारात उभे. बूट घातलेले. बाहेरचा शर्ट. काठी. उंबरठ्यावर पाऊल टाकताना खाली बघितलं, मग टाकलं. पायऱ्या उतरले. मी हात पुढे केला नाही, केला असता तर परत फिरले असते. सरळ चालकाच्या दाराशी गेले, सवयीनं. तिथे थांबले. हात दाराच्या मुठीवर ठेवला, थोडा वेळ तसाच. मग बॉनेटला हात लावत लावत पुढून वळसा घातला आणि माझ्या दाराशी आले. मूठ सापडेना. ते दार ह्यांनी आतून-बाहेरून कधी उघडलेलंच नाही. सापडली. बसले. उशी नव्हती.

"इन्स्पेक्टर," आतून म्हणाले, "येताय ना?"

हॉटेलवाला म्हणाला, "अहो, पण मी ट्रेलर..."

"चहा ठेवलाय आत," मी म्हटलं. ठेवला नव्हता.

क्लच हट्टी आहे, असं हे नेहमी म्हणायचे, ते खरं निघालं. दोनदा बंद पडली.  फाटकाबाहेरचा खड्डा आला, मी दात आवळले, पण कमरेपर्यंत काहीच पोचलं नाही. शेजारी बघितलं. हे समोर बघत होते, हात मांडीवर, हात मोकळे. पेट्रोलपंप, शाळेची भिंत, नदीचा पूल. "इथे रंग दिला वाटतं," पुलावर म्हणाले. तीन महिन्यांतली बातमी.

पुलानंतर मोठं वळण. गाडी खरोखरच बोटीसारखी झुकली, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. ह्यांनी दाराचा आधार घेतला.

"ड्रायव्हिंग बिघडलंय तुझं," म्हणाले.

मी काही बोलले नाही. पुढच्या वळणावर पुन्हा म्हणाले. त्याच्या पुढच्याही. जाताना आणि येताना मिळून बावीस वळणं.

परतलो तर ट्रेलर गेलेला. दारात कार्ड खोचलेलं.

रविवार, ३० मार्च

मुलाला फोनवर सांगितलं, गाडी जात नाही. "बाबा काय म्हणाले?" बाबा गॅरेजात आहेत, म्हटलं.

एक गोष्ट अजून सुटत नाही. मेकॅनिक शपथेवर सांगतो, दोघं बसल्यावर गाडी दोन्ही बाजूंना मिलिमीटरलाही चुकत नाही. त्यानं काल फाटकापाशी, आम्ही निघताना, वाकून बघितलं म्हणे. पण बघितलं म्हणजे मोजलं नव्हे. मी स्वतः मोजल्याशिवाय तीस वर्षांत कशावर सही केलेली नाही. म्हणून आज ह्यांना आत बसवलं आणि टेप घेऊन बाहेर उभी राहिले. कललेली. अर्थात, मी बाहेर होते. मग मी आत बसले आणि ह्यांना टेप दिली. ह्यांना कडेचे आकडे दिसेनात, आणि हे उतरल्यामुळे परत कललेली. मग दोघं आत बसलो आणि टेप बाहेर राहिली.

तसेच बसलो थोडा वेळ, गॅरेजात, गाडी बंद.

"सरळ आहे," हे म्हणाले.

"कशावरून?"

"वाटतंय."

वाटण्याला खात्यात रकाना नव्हता. उतरून मोजावं तर कलते, बसून राहावं तर मोजता येत नाही. ही कसली तपासणी, मला कळत नाही. उद्या सकाळी आठला नदीकडे जायचं ठरलंय. हे आत्ताच बूट पुसून ठेवतायत.